मोहरीला किती डॅमेज?

पूर्व युरोपातल्या शेतकऱ्यांनी रक्तपिपासू पिशाच्चांचा जो बंदोबस्त केला होता, तो वाचल्यापासून मला त्या मंडळींबद्दल फार आदर वाटतो. गावात नुकताच मेलेला माणूस रात्री थडग्यातून उठून हिंडतो आहे असा संशय आला, की हे लोक त्याच्या थडग्यात आणि घराकडे येणाऱ्या वाटेवर खसखस टाकत. खसखस नसेल तर राळे, नाहीतर मोहरी. पिशाच्चाला एक खोड असते. सांडलेले दाणे दिसले की ते मोजून झाल्याशिवाय त्याला पुढे पाऊल टाकता येत नाही. मग ते उकिडवं बसतं आणि मोजत राहतं. कोंबडा आरवतो तोवर निम्मी खसखसही झालेली नसते आणि त्या रात्रीचं जेवण बुडतं. काही ठिकाणी तर थडग्यात मासेमारीचं जुनं जाळं पुरत. पिशाच्चाने त्याची एकेक गाठ सोडवायची, आणि तीही वर्षाला एकच. हा वेग ज्याने ठरवला त्याला कचेरीतल्या कामाचा दांडगा अनुभव असणार.

अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमात १९७२ पासून काउंट फॉन काउंट नावाचा एक सुळेवाला बाहुला आहे. तो पोरांना आकडे शिकवतो. समोर येईल ते मोजतो, मोजून झालं की खदखदा हसतो आणि मागे वीज कडाडते. मुलं त्याला भीत नाहीत. ज्याला मोजल्याशिवाय राहवत नाही, त्याला कोण भिणार?

आता हेच पिशाच्च खेळात आलं की त्याचं काय होतं बघा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. कागद, पेन्सिल, नाना आकारांचे फासे आणि टेबलाभोवती बसलेली चार-सहा माणसं, एवढ्यावर तो चालतो. कुणी योद्धा होतो, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण डंजन मास्टर होतो आणि गोष्ट सांगतो. संगणकावरचे आजचे बहुतेक राक्षसी खेळ या टेबलावरच लहानाचे मोठे झाले. आमचा भाचा पुण्यात आपल्या कंपूचा डीएम आहे. जग त्याचं, भुतं त्याची, आणि वडापावचा खर्च आमचा.

एकदा त्यांच्यात एक जण कमी पडला म्हणून मला जादूगार करून बसवलं. तिसऱ्या वड्याच्या सुमारास किल्ल्यातून व्हॅम्पायर निघाला. मी म्हटलं, "मी त्याच्यापुढे मूठभर मोहरी फेकतो."

टेबलावर शांतता पसरली. भाच्याने पुस्तक उघडलं, पानं चाळली आणि विचारलं, "मामा, मोहरीला किती डॅमेज?"

"डॅमेज नाही रे, तो मोजत बसेल."

"किती राउंड?"

"मोहरी संपेपर्यंत."

"तसं नियमात नाहीये," तो म्हणाला. माझी मोहरी वाया गेली, आणि दोन डावांनंतर मीही.

पुस्तकात मोहरीचं खरंच काही नव्हतं. होतं ते असं: व्हॅम्पायर वाहत्या पाण्यात थांबला तर आम्लाने व्हावी तशी वीस गुणांची इजा, उन्हात आला तर आणखी वीस, गाढ झोपेत छातीत खुंटी ठोकली तर जागच्या जागी लुळा. म्हणजे नदी ही तेजाबाची टाकी झाली! ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत पाण्याने त्याचं काहीच जळत नाही. वाहतं पाणी त्याला फक्त भरतीच्या किंवा पाणी स्थिरावल्याच्या ठरल्या घटकेलाच ओलांडता येतं, म्हणून तो बिचारा वेळापत्रक बघून प्रवास करतो. उन्हाचं तर त्याला मुळीच वावडं नाही. भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत तो लोकांना दिसतो. दिवसा त्याची शक्ती कमी असते एवढंच. ऊन लागून मरण्याची रीत १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने घालून दिली, आणि तिथून पुढे सगळी जमात उन्हात बाहेर पडेनाशी झाली.

एक गोष्ट मात्र खेळाने इमानाने सांभाळली आहे: आमंत्रणाशिवाय व्हॅम्पायरला कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. हा मला सगळ्यांत सुंदर नियम वाटतो, आणि आपल्याकडे सगळ्यांत धोक्याचाही. आपण बसस्टॉपवर भेटलेल्या अर्धवट ओळखीच्या माणसालासुद्धा निरोप घेताना "या एकदा घरी" म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं आणि ऐकणाराही ते मनावर घेत नाही, म्हणून समाज चालला आहे. पिशाच्च शब्दाला पक्कं असतं. ते येणार, आणि जेवूनच जाणार.

लोककथेतल्या भुताचं मर्म हे त्याच्या सवयीत, वळणात, नाहीतर हट्टात असतं. खेळात आलं की त्याच मर्माचा आकडा होतो. माझी तक्रार तेवढीच आहे, पण ती मी सोदाहरण मांडणार आहे.

जपानातल्या काप्पाचं बघा. हा नद्या-तळ्यांत राहतो, पाठीवर कासवाचं कवच, आणि डोक्यावर बशीसारखा खळगा. खळग्यात पाणी आहे तोवर त्याच्या अंगात घोडा ओढून नेण्याची ताकद. तलवार घेऊन जाल तर तुम्हीही पाण्यात. उपाय असा, की त्याच्यासमोर उभं राहून कमरेत वाकून नमस्कार करायचा. काप्पा दुष्ट आहे, पण जपानी आहे. समोरच्याने वाकून अभिवादन केल्यावर आपण ताठ उभं राहणं त्याला जमत नाही. तो वाकतो, डोक्यावरचं पाणी सांडतं आणि त्याची सगळी मिजास उतरते. शिवाय त्याला काकडी जिवापाड आवडते, इतकी की काकडीच्या सुशीला त्याच्याच नावावरून काप्पामाकी म्हणतात. नमस्कार आणि काकडी! या दोन शस्त्रांवर जी लढाई जिंकता येते, तिच्यात मीसुद्धा उतरेन.

किंवा दुपारची बाई. जर्मनीच्या पूर्व कडेला लुसाटिया भागात सॉर्ब लोक राहतात, त्यांच्या शेतात ही भर बारा वाजता येते. हातात विळा. दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं सोडून उन्हात राबणाऱ्या माणसाला ती गाठते आणि प्रश्न विचारते. उत्तर थांबलं की मान गेली. सुटका एकाच मार्गाने: जवसाच्या पिकाबद्दल एक वाजेपर्यंत अखंड बोलत राहायचं. पेरणी कशी, निंदणी कशी, काढणी कधी, काड्या पाण्यात किती दिवस कुजवायच्या, सूत कसं कातायचं, कापड कसं विणायचं. तास भरला की तिचा अंमल संपतो. आमच्या सोसायटीत एक निवृत्त कृषी अधिकारी आहेत. त्यांची आणि तिची गाठ पडली असती तर साडेबारालाच बाई "मला जरा काम आहे" म्हणाली असती.

हीच बाई पोलंडमध्ये तयार झालेल्या 'द विचर ३' या २०१५ च्या संगणकीय खेळात भेटते. तिथे तिचं बोलणं बंद. नायक गेराल्ट पाठीवर दोन तलवारी बाळगतो, माणसांसाठी पोलादी आणि राक्षसांसाठी चांदीची. चांदीच्या पात्याला तेल चोपडायचं, जमिनीवर मंत्राचं रिंगण आखून तिला आत अडकवायचं आणि हाणायचं. जवसातलं गेराल्टला ओ की ठो कळत नाही. पण या खेळाच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सुरुवातीच्याच एका कामगिरीत विहिरीपाशी ही बाई फिरत असते, आणि नुसती तलवार चालवून ती जात नाही. तिचं काय झालं होतं ते आधी हुडकावं लागतं, विहिरीत उतरून तिचं कंकण वर आणावं लागतं आणि तिच्या अस्थींबरोबर ते जाळावं लागतं. भुताला मारण्याआधी त्याची विचारपूस करायची, हे लोककथेचं अर्धं पुण्य तरी खेळाच्या पदरात पडलं.

या मर्मांचा दुसरा गुण म्हणजे ती परवडणारी असतात. लसूण, मीठ, मोहरी, खसखस, लोखंडाचा तुकडा. वाण्याच्या यादीत बसेल एवढीच सामग्री, कारण भूत दारात आलं तेव्हा दार उघडणाऱ्या बाईपाशी तेवढंच असायचं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले पिक्सी रात्री वाटसरूला चकवतात. तिथला उपाय म्हणजे अंगातला कोट काढायचा आणि उलटा करून घालायचा. खर्च शून्य. आपला चकवा हाच व्यवसाय करतो. तो लागला की जिथे असाल तिथेच बसा आणि उजाडू द्या, असं म्हातारी माणसं सांगत. पण बसून राहिल्याने जिंकता येतो असा खेळ विकणार कोण? बटणं बडवायला माणसाने पैसे मोजलेले असतात.

लोखंडाची कथा त्यातल्या त्यात नशीबवान. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या परीलोकाला लोखंड सोसत नाही, म्हणून दारावर घोड्याची नाल ठोकायची, पाळण्यात कात्री ठेवायची. आपल्याकडेही बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या उशाखाली चाकू, विळा नाहीतर अडकित्ता असतोच. सटवी असो की हडळ, लोखंडापुढे त्यांचं काही चालत नाही अशी समजूत. पोकेमॉनवाल्यांनी २०१३ साली आपल्या खेळात परी जातीचे प्राणी आणले तेव्हा त्यांना दोनच गोष्टींचं भय ठेवलं, विष आणि पोलाद. आठ वर्षांचं पोर आपल्या पोलादी प्राण्याला परीच्या अंगावर सोडतं आणि त्याला कुणी सांगितलेलं नसतं, की ही लढाई आपल्या पाळण्यापासून चालू आहे.

चांदीबद्दल मी फार बोलणार नाही. लांडगा होणाऱ्या माणसावर चांदी चालते हे जगाला मुख्यतः १९४१ च्या 'द वुल्फ मॅन' या हॉलिवुडपटाने पाठ करून दिलं. गरिबाघरी फार तर एखादं चांदीचं बटण निघायचं. खेळांत मात्र चांदीच्या अख्ख्या तलवारी मिळतात, आणि सोनाराला एक पैसा मजुरी नाही.

औषधाने भूत मारायची युक्ती मात्र खेळांची स्वतःची, आणि ती मला मनापासून आवडते. 'फायनल फँटसी' या जपानी मालिकेत असा कायदा आहे, की मेलेल्या शत्रूवर जीवदान देणारं औषध टाकलं तर तो मरतो. मालिकेच्या १९९४ च्या सहाव्या भागात एक आख्खी भुताची आगगाडी अंगावर येते. खेळणारे घाम गाळून तिच्याशी झुंजतात. माहीतगार माणूस तिच्यावर मेलेल्याला उठवणारं फिनिक्स पक्ष्याचं पीस टाकतो आणि गाडी संपते. यात लोककथेतला वाकडेपणा बरोबर उतरला आहे: जे तुम्हाला तारतं ते त्याला मारतं.

आता घरच्या विषयाकडे येऊ. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये 'राक्षस' नावाचाच एक प्राणी आहे. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये त्याचं चित्र आहे: वाघाचं डोकं, अंगात ऐटबाज झगा, आणि ओढायला पाइप. अशोकवनात सीतेवर पहारा करणाऱ्या राक्षसींमध्ये वाघाच्या तोंडाच्याही होत्या असं वाल्मीकी सांगतात, त्यामुळे डोकं एक वेळ मान्य करू. पण पाइप? आणि त्याचं मर्म काय, तर धर्मगुरूने मंतरून दिलेला क्रॉसबोचा बाण. तो लागला की खलास. भीमसेनापासून बिभीषणापर्यंत कुणीही ऐकलं नसेल असं हे शस्त्र आलं कुठून? तर दूरदर्शन मालिकेतून. 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या अमेरिकी मालिकेच्या डिसेंबर १९७४ मधल्या एका भागात, शिकागोतला वार्ताहर एका राक्षसाला असाच क्रॉसबोने लोळवतो. तो राक्षस समोरच्याला त्याच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन भेटतो. पुढच्याच वर्षी खेळवाल्यांनी आपला राक्षस आणला, बाण आणि बहुरूपीपणा दोन्ही जसंच्या तसं. लंकेचा माल व्हाया शिकागो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही त्याला सज्जन माणसाच्या हातच्या जादूई, टोकदार शस्त्राचं भय आहेच.

मला यात अपमान वाटत नाही, पण हळहळ वाटते. आपल्या राक्षसाचं अस्सल मर्म एकचक्रानगरीत पडून आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. बकासुराला ठरल्या दिवशी गाडाभर भात, रेडे आणि ते हाकत आणणारा माणूस असा रतीब होता. भीम गाडा घेऊन गेला आणि राक्षसाच्या डोळ्यांदेखत तो भात स्वतःच खायला बसला. बकासुर धावून आला, त्याने भीमाच्या पाठीत दोन्ही हातांनी गुद्दे घातले. भीमाने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, घास चालूच. लढाई नंतर झाली, पण राक्षस हरला तो इथे. आपलं ताट दुसऱ्याने संपवलेलं बघून ज्याचं डोकं फिरतं, तो आता काय शांतपणे लढणार? लग्नाच्या पंगतीत शेवटचा जिलबीचा तुकडा शेजाऱ्याने उचलल्यावर ज्यांचा चेहरा पडला आहे त्या सर्वांना बकासुराचं दुःख कळेल.

जादूगारांची गत राक्षसांहून वाईट. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आरंभीच्या काळात जादूगाराला चिलखत घालायची बंदी, हातात खंजिराशिवाय शस्त्र नाही, आणि थोड्याच वर्षांत त्याच्या जिवाचा हिशोब चार बाजूंच्या फाशावर येऊन बसला. फासा एकवर पडला तर मांजराने ओरबाडलं तरी आटोपलं. शिवाय मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो; दुसऱ्या दिवशी पुन्हा पोथी उघडून पाठ करायचा. ही कल्पना जॅक व्हॅन्स या लेखकाच्या १९५० च्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातली. कृतज्ञता म्हणून त्याच्या आडनावाची अक्षरं फिरवून या खेळात 'वेक्ना' नावाचा महादुष्ट जादूगार केला गेला, तोच पुढे 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत खलनायकाला नाव देऊन गेला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ऐन वेळी मंत्र विसरण्याची सोय परशुरामाने कर्णासाठी कधीच करून ठेवली होती, आणि व्हॅन्सच्या जादूगाराला निदान दुसरा दिवस मिळतो.

त्यातून मंत्राला साहित्य लागतं. आगीचा गोळा टाकायला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. वीज पाडायला फरचा तुकडा आणि काचेची कांडी; शाळेत विज्ञानाच्या तासाला आपण एवढ्याच सामानावर कागदाचे कपटे उचलले होते. म्हणजे महाप्रतापी मांत्रिकाचं खरं मर्म त्याच्या झोळीत. ती पळवा, की तो साधा दाढीवाला म्हातारा. पण खेळणारे झोळीवर हात टाकतच नाहीत. सगळे त्याच्यावर बाण सोडत बसतात.

झोळीहून भारी मर्म म्हणजे दुसरीकडे ठेवलेला जीव. रशियात कोश्चेई नावाचा अमर म्हातारा आहे. त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकच्या झाडाखाली, झाड समुद्रातल्या बेटावर. खेळातला 'लिच' हा त्याच जातीचा: मेलेला मांत्रिक, जीव एका डबीत. देह ठेचला तरी काही दिवसांत डबीजवळ नवा देह घेऊन हजर. डबी सापडेपर्यंत खेळणारे भुयारं खणतात, सापळ्यांत सापडतात, नकाशांवर भांडतात.

आपल्या दख्खनेत हीच डबी किती स्वस्तात सापडली ते सांगतो. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचा कथासंग्रह १८६८ साली प्रसिद्ध केला. गोष्टी सांगितल्या होत्या तिच्या आयेने, ॲना लिबरेटा डिसूझा या बाईने. त्यातला पंचकिन हा जादूगार राजपुत्रांना दगड करतो आणि बालना या राजकन्येला कोंडून ठेवतो. त्याचा जीव दूर अरण्यात, ताडांच्या रिंगणात, एकावर एक रचलेल्या सहा घागरींच्या खाली, पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात. भोवती भुतांचा पहारा. व्यवस्था चोख होती. बालनाने फक्त जरा गोड बोलून विचारलं, की तुम्ही खरंच अमर आहात का हो? आणि या शहाण्याने झाडांपासून घागरींपर्यंत सगळा पत्ता सांगून टाकला, पोपटाच्या रंगासकट. पुढे तिचा मुलगा पोपट घेऊन आला. उजवा पंख उपटला तशी पंचकिनचा उजवा हात गळाला, डावा उपटला तशी डावा, मग पाय, शेवटी पोपटाची मान. पण हे सगळं नुसतं आवरासावरीचं काम. जादूगार मेला तो लग्नाला तयार झाल्याचं सोंग आणणाऱ्या बाईपुढे बढाई मारताना.

पुण्या-मुंबईत गेम बनवणारी तरुण मंडळी आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे. पुढचा खलनायक कराल तेव्हा त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जिवाचा आकडा, ठरवण्याआधी तो कुणापुढे फुशारतो ते ठरवा. पोपट हवा तेवढा लांब ठेवा, घागरी सहाच्या साठ करा, पहाऱ्यावर वाघतोंडे बसवा, त्यांना पाइपही द्या. फक्त त्याला तो एक प्रश्न विचारणारी बाई कथेत असू द्या, आणि कृपा करून तिच्या हातात तलवार देऊ नका. तिला ती लागत नाही.